आधी कोणती गोळी थांबवायची?

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या एका मराठी घरात झालेला हा वाद आहे. मामा बाळानगरच्या आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ होते, तिथूनच व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. औषध या गोष्टीवर त्यांचा जीव. भाची मनोविकारतज्ज्ञ. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन येणारी म्हातारी माणसं हे तिचं रोजचं काम. वर्षभरापासून मामींना नावं आठवेनाशी झाली होती, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे ध्यानात राहीना, म्हणून तिला घरी बोलावलं. मामांना हवं होतं एखादं चांगलं औषध. तिनं मागितली घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी, आणि वादाला तोंड फुटलं. मी घरचाच. दोघांचं म्हणणं शक्यतो त्यांच्याच शब्दांत देतो आहे. माझं मत कुणाच्या बाजूनं आहे, हेही लपवणार नाही.

मामा: डोनेपेझिल चालू आहे, पाच मिलिग्रॅम. दहा करून टाक. त्याच्या जोडीला मेमँटिन देतात, तेही लिही. अल्झायमरमध्ये मेंदूत असिटिलकोलिन कमी पडतं, हे आम्हाला नोकरीला लागलो तेव्हापासून माहीत आहे. कमी पडतंय ते वाढवायचं. यात विचार करण्यासारखं काय आहे?

भाची: डोसचं मागून बघू, मामा. आधी पिशवी आणा.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिनं बाजूला सारल्या. राहिलेल्या स्ट्रिपा टेबलावर ओळीनं मांडल्या. रात्री घ्यायची अल्प्राझोलाम, अर्धा मिलिग्रॅम, करोनाच्या काळात सुरू झालेली आणि मग कुणी बंदच न केलेली. तळपायांची आग होते म्हणून अमिट्रिप्टिलिन. लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन. सर्दीची गोळी, तिच्यात क्लोरफेनिरामिन. मामी ती नाक वाहायला लागलं की घेतात, आणि त्यांचं नाक पावसाळाभर वाहतं. नांदेडला बसनं जाताना उलटी होऊ नये म्हणून प्रोमेथाझिन. शेवटी डोनेपेझिल. लिहून देणारे डॉक्टर निरनिराळे. आपापल्या तक्रारीपुरतं प्रत्येकानं योग्यच लिहिलेलं.

भाची: ही लघवीची गोळी कधीपासून?

मामा: झाले दोन-तीन महिने. एकाएकी घाई व्हायला लागली. बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत...

भाची: आणि डोनेपेझिल?

मामा: त्याच्या थोडं आधी.

भाची: डोनेपेझिल असिटिलकोलिनचा नाश करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. त्यामुळे असिटिलकोलिन वाढतं. पण ते फक्त मेंदूतच वाढावं, असं त्या गोळीला सांगता येत नाही. मूत्राशयातही वाढतं, आणि घाई होते. ती घाई आजार समजून कुणीतरी ऑक्सिब्युटिनिन दिलं. ऑक्सिब्युटिनिन काय करतं, ते तुम्हीच सांगा.

मामा: मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवतं.

भाची: कुणाचे?

मामा: असिटिलकोलिनचेच. (थोडं थांबून) म्हणजे सकाळी एक गोळी घेऊन जे वाढवायचं, त्याला दुपारच्या गोळीनं बसायला जागाच ठेवायची नाही.

भाची: आणि ही दुसरी गोळी रक्तातून मेंदूतही शिरते. अमिट्रिप्टिलिन तेच रिसेप्टर अडवतं. क्लोरफेनिरामिनही. प्रोमेथाझिनही. आम्ही या सगळ्यांना मिळून अँटिकोलिनर्जिक म्हणतो. प्रत्येकाचा जोर थोडा-थोडा असतो, पण रिसेप्टरच्या लेखी ती एकच बेरीज. तुम्ही डोनेपेझिल दहा करायला सांगताय. मी म्हणते, आधी त्याच्या विरुद्ध काम करणारी चार औषधं तरी मोजा.

मामा गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. ते पुरावा मागणारे गृहस्थ आहेत. पुढचा भाग मी थोडा सविस्तर देतो, कारण वर्तमानपत्रात अशा विषयावर एक भीतिदायक आकडा छापून येतो आणि त्या आकड्याला प्रश्न कुणी विचारत नाही. मामांनी विचारले.

भाची: सिएटलमधला अभ्यास आहे, 2015 साली प्रसिद्ध झालेला. 65 वर्षांवरची 3,434 माणसं, सुरुवातीला कुणालाच डिमेन्शिया नव्हता. सरासरी सात वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांनी अँटिकोलिनर्जिक औषधं सर्वांत जास्त काळ घेतली होती, त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा 54 टक्क्यांनी जास्त निघालं.

मामा: हे निरीक्षण झालं. चाचणी नव्हे. ती माणसं ती औषधं का घेत होती? झोप नाही, मन खिन्न आहे, लघवी आवरत नाही. ही डिमेन्शियाची आगाऊ लक्षणं असू शकतात. आजार आतून आधीच सुरू झालेला, त्यापायी गोळी सुरू झाली, आणि तुम्ही ठपका ठेवताय गोळीवर.

भाची: शंका रास्त आहे. म्हणून 'या गोळ्यांनीच डिमेन्शिया होतो' असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर मान्यही करत नाही. पण एक गोष्ट चाचणी घेऊन सिद्ध झालेली आहे. 1974 साली अमेरिकेत ड्रॅकमन आणि लेविट यांनी तरुण, धडधाकट स्वयंसेवकांना स्कोपोलामाइन दिलं. तेही मस्कॅरिनिक रिसेप्टरच अडवतं. नुकतेच ऐकलेले दोन-चार आकडे त्यांना लगेच परत म्हणता येत होते. पण नवीन काही लक्षात ठेवायला सांगितलं की जमेना. औषध न घेतलेल्या म्हाताऱ्यांची जशी उत्तरं येतात, तशी या पोरांची यायला लागली. रिसेप्टर अडवला आणि विसर पडला. इथे आजार आधी की गोळी आधी, हा प्रश्नच येत नाही.

मामा: स्कोपोलामाइन म्हणजे आपला धोतरा.

भाची: धोतऱ्यातलं एक द्रव्य. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना अन्नातून धोतरा घालून लुटायचे. नॉर्मन चेव्हर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं भारतातल्या न्यायवैद्यकावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याची मोठी नोंद आहे. लुटारूंचा फायदा दुहेरी असायचा. माणूस बेशुद्ध पडायचा, आणि शुद्धीवर आला तरी कोण होतं, काय झालं, हे धड सांगू शकायचा नाही. रिसेप्टर हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी त्याचा हा गुण लोकांना ठाऊक होता.

मामांनी सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उचलली आणि चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली. असली गोळी घरोघरी असते. तिला औषध म्हणून कुणी मोजतसुद्धा नाही. डॉक्टरांनी 'काय काय चालू आहे' विचारलं तर तिचं नाव सांगायचं सुचतच नाही.

मामा: बरं, ही चार राहू देत. पण अल्प्राझोलामला तू हात लावू नकोस. ती असिटिलकोलिनच्या वाटेला जात नाही.

भाची: तिची वाट वेगळी, मुक्काम तोच. गाबा म्हणजे मेंदू शांत करणारं रसायन. त्याचा रिसेप्टर पाच तुकड्यांच्या कड्यासारखा असतो, मधून क्लोराइडला जायला वाट. गाबा येऊन चिकटला की वाट उघडते आणि पेशी थंडावते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या मंडळींची चिकटायची जागा त्याच रिसेप्टरवर, पण दोन तुकड्यांच्या सांध्यात. ती स्वतः वाट उघडत नाहीत. गाबा आला की ती वाट नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडेल, एवढंच करतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. बटण दाबलेलं नसेल तर रेग्युलेटर कितीही फिरवा, पंखा हलत नाही. म्हणूनच नुसत्या या गोळ्यांनी माणूस सहसा मरत नाही, आणि डॉक्टरांना त्या निर्धोक वाटल्या. व्हॅलियम, म्हणजे डायझेपामच, बाजारात आलं 1963 साली. ते मेंदूत नेमकं कुठे चिकटतं, हे कळलं 1977 मध्ये. मधली चौदा वर्षं जगभर कोट्यवधी लोक ती गोळी घेत होते.

मामा: ॲस्पिरिनचीही तीच कथा. गुण येतो हे आधी कळतं, का येतो हे मागाहून. यात वावगं काय?

भाची: वावगं नाही. पण त्या कड्यातला अल्फा-1 नावाचा एक तुकडा आहे. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी 1999 साली उंदरांमध्ये तेवढाच तुकडा असा बदलला, की डायझेपाम त्याला चिकटू शकणार नाही. त्या उंदरांना डायझेपाम दिलं तर गुंगी येईना आणि विसरही पडेना. भीती मात्र कमी होत होती.

मामा: (उत्साहानं) मग झालं तर! म्हणजे गुण आणि दोष वेगळे करता येतात. अल्फा-1 टाळणारं रसायन बनवा. मी चाळीस वर्षं हेच सांगतोय, रेणूवर हात बसला की सगळं जमतं.

भाची: पाव शतक झालं, मामा. प्रयत्न चालू आहेत, पण तसं औषध अजून दुकानात आलेलं नाही. दुकानात आहे ती झोपेची गोळी झोल्पिडेम, आणि ती नेमकी अल्फा-1 लाच धरते. रात्री उठून स्वयंपाकघरात जाऊन खातात, फोन करतात, बाहेर पडतात, आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही, असे रुग्ण आढळले. त्यावरून 2019 मध्ये अमेरिकेत या गोळीच्या वेष्टनावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला.

एवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. त्या सगळं ऐकत होत्या.

मामी: तुमचं रिसेप्टर-बिसेप्टर मला काही कळत नाही. पण झोप लागत नाही तेव्हा काचीगुडा स्टेशनात शिरणाऱ्या गाड्या मोजत मी एकटी पडलेली असते. ते कुणी बघतं का? ती अर्धी गोळी आहे म्हणून रात्र सरते.

यावर दोघंही काही बोलले नाहीत, आणि तेच बरं झालं. निद्रानाश हे खरं दुखणं आहे. गोळी वाईट म्हणणाऱ्याला त्या रात्रीचं काय करायचं, हेही सांगता यायला हवं. भाचीनं मामींना जवळ बसवून विचारलं, ते फार साधं होतं.

भाची: मामी, गोळी किती वाजता घेता?

मामी: नऊला. सीरियल सुरू व्हायच्या आधी.

भाची: आणि दादाचा फोन?

मामी: तो हल्ली करतच नाही. कामात असतो म्हणे.

मामा: (हळू आवाजात) रोज साडेनऊला करतो. पुण्याहून. दहा-दहा मिनिटं बोलते ती त्याच्याशी, हसते, नातवाची चौकशी करते. सकाळी म्हणते, फोन आलाच नाही. मला वाटलं, आता हा आजार बळावला.

भाची: अल्प्राझोलाम रक्तात चढायला तास-दोन तास लागतात. साडेनऊला ती चढत असते. मामी जाग्या असतात, बोलणं अगदी शहाण्यासारखं असतं, पण त्या वेळचं मनात नोंदलं जात नाही. जुनं काही पुसलेलं नाही. लग्नातलं, बदल्यांचं, सगळं त्यांना आठवतं. गोळीनंतरच्या दोन-तीन तासांचंच पुढे टिकत नाही. हा आजार असेलही थोडा, ते तपासू. पण फोनचा हा विसर आजाराच्या नावावर मांडायच्या आधी गोळी कमी करून बघायला हवी.

मामा: हाच गुण कधी वरदान असतो, हे विसरू नकोस. माझी कोलोनोस्कोपी झाली तेव्हा मिडाझोलाम दिलं होतं. मी म्हणे डॉक्टरांशी बोलत होतो, वळा म्हटलं की वळत होतो. मला एक अक्षर आठवत नाही, आणि आठवूही नये. फिट थांबत नाही तेव्हा हीच औषधं जीव वाचवतात.

भाची: एका दिवसासाठी दिलं, काम झालं, उतरलं. मामींना कित्येक वर्षं रोज रात्री दिलं जातंय. त्यात वय वाढलं की यकृत सावकाश काम करतं, गोळी अंगात जास्त वेळ राहते. रात्री बाथरूमला उठलं की तोल जातो. खुब्याचं हाड मोडून येणाऱ्या आज्यांमध्ये झोपेच्या गोळ्यांवर असलेल्या कितीतरी असतात. औषध तेच असतं. किती दिवस आणि कुणाला, यावर सगळं अवलंबून आहे.

इथे मामांनी आपला हुकमी मुद्दा काढला. त्यात त्यांच्या शहराचा अभिमान होता, आणि तो पोकळ नाही. आयडीपीएलमध्ये नोकरी केलेल्या अंजी रेड्डींनी 1984 साली स्वतःची कंपनी काढली, 1970च्या पेटंट कायद्यानं वाट मोकळी केली, आणि बघता बघता जगाला स्वस्त औषधं पुरवणारं हे शहर झालं. मामांच्या पिढीनं ते स्वतःच्या हातांनी उभं केलं आहे.

मामा: तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं काढतच गेलं तर नवं औषध येणार कुठून? बंजारा हिल्सची सुवेन लाइफ सायन्सेस घे. व्यंकट जस्तींनी 1989 साली काढलेली कंपनी. दुसऱ्यांसाठी रसायनं बनवून पैसा मिळत असताना त्या माणसानं मेंदूच्या नव्या औषधांत तो ओतला. मासुपिर्डिन. सेरोटोनिनचा 5-एचटी6 नावाचा रिसेप्टर मुख्यतः मेंदूतच असतो. तो अडवला की प्राण्यांच्या मेंदूत असिटिलकोलिन आणि ग्लुटामेट दोन्ही वाढतात. उंदीर पाण्यातला लपवलेला पाट पटकन शोधून काढतात. हैदराबादचं स्वतःचं औषध, कुणाची नक्कल नाही.

भाची: त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. अमेरिकेत 564 रुग्णांवर चाचणी झाली, डोनेपेझिल आणि मेमँटिन चालू ठेवून त्यावर हे औषध, 26 आठवडे. निकाल आला नोव्हेंबर 2019 मध्ये. स्मृतीच्या चाचणीत साखरेच्या गोळीपेक्षा फरक नव्हता. त्याच रिसेप्टरवरचं डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीचं आयडॅलोपिर्डिन सुमारे अडीच हजार रुग्णांवर तीन चाचण्यांत पडलं. इंटेपिर्डिन 2017 मध्ये पडलं. एकाच दारावर तिघांनी धडक दिली, मामा.

मामा: पडलं तरी कळलं ना? सुवेननं निकाल उघड केला. पुन्हा आकडे तपासताना काही रुग्णांची अस्वस्थता, आरडाओरडा कमी झालेला दिसला, म्हणून आता त्यासाठी पुढची मोठी चाचणी हाती घेतली. शास्त्र असंच पुढे जातं.

भाची: हो, आणि ते औषध चाललं तर सगळ्यांत आधी मी लिहून देईन. रात्रभर ओरडणाऱ्या आजोबांना सांभाळणारी सून मी रोज बघते. नावं विसरल्यानं घर मोडत नाही, या अस्वस्थतेनं मोडतं. पण स्मृतीचं बघा. यातली बरीच औषधं आधी कशावर तपासतात? उंदराला स्कोपोलामाइन टोचायचं, तो वाट विसरला की नवं औषध द्यायचं, वाट आठवली की टाळ्या. त्या उंदराच्या पेशी शाबूत असतात, फक्त रिसेप्टर अडवलेला. अल्झायमरमध्ये पेशीच गेलेल्या असतात. आपण प्रयोगशाळेत बरा करतो तो औषधानं आलेला विसर, आणि दवाखान्यात समोर असतो दुसराच. मग दवाखान्यात ज्यांना खरोखरच औषधानं विसर पडलाय, त्यांच्याकडे आधी बघायला नको?

मला विचाराल तर या वादातलं सर्वांत वजनदार वाक्य हेच आहे. मेंदूतल्या रिसेप्टरांबद्दल माणसानं साठ-सत्तर वर्षांत जे शिकून घेतलं, त्यात स्मृती बिघडवणं हुकमी जमतं. सुधारणं फार थोडं जमलं आहे. डोनेपेझिल 1996 चं, मेमँटिन अमेरिकेत 2003 चं. दोन्हींचा उपयोग होतो, पण बेताचा. घरात विसरणारं माणूस असलं की आपला हात आधी स्मृती सुधारणाऱ्या औषधांच्या यादीकडे जातो. बिघडवणाऱ्यांची यादी कुणी उघडत नाही.

मामांनी मग हैदराबादच्याच निम्स रुग्णालयातल्या संशोधनाचा विषय काढला. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास करून 2013 साली दाखवलं, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठतो, अगदी निरक्षरांनाही. मामींना मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्ही येतात. "गोळीशिवायचा उपाय हवा ना तुला, हा घे," असं मामा म्हणाले खरे, आणि लगेच स्वतःच पुढे म्हणाले, की हेही निरीक्षणच, चाचणी नव्हे. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला भावला.

यानंतर बोलणं कल्लूकडे, म्हणजे इथल्या ताडीकडे, वळलं. भाचीनं ते वळवलं.

भाची: तुम्ही अल्प्राझोलामची बाजू घेता ना? एर्रागड्ड्याच्या मानसिक आरोग्य संस्थेत मार्च 2020 च्या शेवटी काय झालं, ते आठवा. लॉकडाउन लागला, दारूची आणि कल्लूची दुकानं बंद. चार दिवसांत बाहेर रांगा. हात कापतायत, झोप नाही, भास होतायत, फिटा येतायत. कल्लू पिणाऱ्यांच्या अंगातून ताडी उतरली म्हणून एवढं होत नाही. तिच्यात घातलेलं अल्प्राझोलाम, डायझेपाम उतरलं म्हणून होतं. कुणी किती मिलिग्रॅम पीत होता, हे त्यालाही माहीत नाही, दुकानदारालाही नाही.

मामा: धर्माबाद-बिलोलीकडे आपल्या लोकांतही हेच. शिंदी म्हणून पितात. झाडं किती आणि खप किती, याचा हिशोब लागत नाही. बाकीचं सगळं पाणी, सॅकरिन आणि हीच औषधं.

भाची: जुलै 2025 मध्ये कुकटपल्लीत भेसळीच्या कल्लूनं माणसं गेली, कितीतरी जणांना निम्समध्ये दाखल करावं लागलं. नमुन्यांत अल्प्राझोलाम सापडलं. गवंडीकाम, हमाली करणारी माणसं. अशी माणसं बायकोबरोबर माझ्याकडे येतात. बायको सांगते, रात्री भांडतो, पैसे कुणाला तरी देतो, सकाळी म्हणतो मी केलंच नाही. तो खोटं बोलत नसतो. मामींच्या फोनचं जे झालं तेच, फक्त दहापट. डिमेन्शियाच्या आकडेवारीत हा माणूस कुठेच नाही, कारण तो चाळिशीचा आहे आणि त्याला लोक बेवडा म्हणून मोकळे होतात.

मामा बराच वेळ कप हातात धरून बसले. मग जे बोलले ते त्यांना सोपं गेलं नसणार.

मामा: अल्प्राझोलाम घरगुती भट्टीवर होत नाही. रसायनशास्त्र येणारा माणूस लागतो, रिअॅक्टर लागतो, कच्चा माल कुठून आणायचा ते माहीत असावं लागतं. हे सगळं या शहरात आहे, कारण आम्ही ते इथे आणलं, शिकवलं. सप्टेंबर 2025 मध्ये जुन्या बोइनपल्लीत एका शाळेच्या इमारतीत पोलिसांना अल्प्राझोलामचा कारखाना सापडला. खाली वर्ग भरायचे. तो माल कल्लूच्या दुकानांना जायचा. पेपर वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

भाची: म्हणून तर सांगते, मामा. रेणूला काही कळत नाही. तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर आला की कल्लूच्या बाटलीतून आला, अल्फा-1 ला चिकटणारच.

मामा: कळत नाही हे खरं. पण त्याच्यावरचा कागद आपल्या हातात आहे. औषधविक्रीच्या नियमांतली एच-वन यादी 1 मार्च 2014 पासून लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, सगळी तिच्यात. लाल चौकटीत इशारा, चिठ्ठीशिवाय विक्री नाही, दुकानदारानं रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. नियम चांगला आहे. पण मी गल्लीतल्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवतो आणि हिची गोळी आणतो. चिठ्ठीची तारीख कुणी बघत नाही.

भाची: आता मी बघणार.

तिनं वहीचं पान फाडून लिहायला घेतलं. सर्दीची आणि प्रवासाची गोळी आजपासून बंद. ऑक्सिब्युटिनिन आणि डोनेपेझिल या दोन्हींबद्दल लिहून देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन करून, एकमेकींना मारणारी ही जोडी सोडवायची. अमिट्रिप्टिलिनच्या जागी तळपायांच्या आगीसाठी दुसरं काही बसतं का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारायचं. बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्यायचं. अल्प्राझोलाम मात्र एकदम बंद नाही. दर काही आठवड्यांनी थोडी-थोडी कमी, सगळं मिळून काही महिने. त्या काळात दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची, चारनंतर चहा नाही, झोप आल्याशिवाय गादीवर जायचं नाही. आणि मुलाचा फोन संध्याकाळी सातला.

मामा: आणि एवढं करून फरक नाही पडला तर?

भाची: तर तो खरा आजार समजू, आणि तुमची डोनेपेझिल मी स्वतः दहा करीन.

मामांनी मान डोलावली. तरी जाताना त्यांनी तिला बजावलंच, की सुवेनच्या पुढच्या चाचणीचा निकाल आला की मला कळव. तेही बरोबरच. शोध थांबता कामा नये. पण माझं मत भाचीच्या क्रमाला आहे: आधी विसर पाडणारं काढा, मग आठवण देणारं शोधा.

वाचकांना एकच विनंती. घरात साठीपुढचं कुणी विसरायला लागलं असेल, तर पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे फक्त फाइल नेऊ नका. सर्दीची, प्रवासाची, लघवीची, झोपेची, शेजाऱ्यानं दिलेली आणि दुकानातून तशीच आणलेली, घरातली प्रत्येक गोळी पिशवीत घालून न्या आणि त्यांच्या टेबलावर ओता. यातली कोणती थांबवता येईल, असं स्पष्ट विचारा. झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं एका रात्रीत बंद करू नका. फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते.